मामींची गोष्ट आणि माझं मुंगूस

तेहतीस वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. पोरांनी काहीही ठोकून दिलेलं मला खपायचं नाही. वटवाघूळ पक्षी आहे असं एकानं पेपरात लिहिलं, तर त्याला वर्गासमोर उभं करून मी ते तीनदा वाचायला लावलं होतं. निवृत्त झाले तरी खोड जाईना. घरात बसून भिंती किती बघायच्या? म्हणून आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या पोरांना रोज दुपारी चारला पार्किंगमागच्या कट्ट्यावर जमवायला लागले. मागची भिंत संपली की डोंगर, डोंगरापलीकडे जंगल. आमच्या सीसीटीव्हीत वॉचमनपेक्षा बिबट्या जास्त वेळा दिसतो. मग पोरांना आपले शेजारी कोण ते कळायला नको? माझ्याकडे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता, त्यात साळिंदराचा काटा, सापाची कात, सुगरणीचा खोपा, असं काय काय. ते पोरांच्या हातात द्यायचं आणि खरं ते सांगायचं.

कट्ट्याला लागूनच तळमजल्यावर मामी राहायच्या. तमिळ बाई, ऐंशीच्या आसपास. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा बंगळुरूला. मोठी माणसं त्यांना मामी म्हणायची आणि पोरं पाटी, म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. माझं सांगून झालं की मामी दार उघडून यायच्या. हातात स्टीलचा डबा, त्यात सुंडल, म्हणजे उकडलेले हरभरे, वर खोबरं आणि मोहरीची फोडणी. एकेकाच्या ओंजळीत मूठ मूठ घालायच्या आणि गोष्ट सुरू करायच्या. अर्धा तास माझा, अर्धा त्यांचा. झकास व्यवस्था आहे, असं सगळी सोसायटी म्हणायची. मीही म्हणायचे.

मामींच्या गोष्टीला एक अट होती. दर वाक्यानंतर ऐकणाऱ्यानं 'उम्' म्हणायचं. त्यांच्याकडे तशी रीतच आहे. "उम् नाही तर गोष्ट बंद," त्या म्हणायच्या. "मी काय भिंतीला बोलते? उम् बोला, मग मला समजतं कोणतरी आहे." 'ओरु ऊरिले', म्हणजे एका गावात, म्हणून त्यांनी सुरुवात केली की सात-आठ पोरं एकदम "उम्". म्हातारीनं वडे तळले. उम्. कावळ्यानं एक पळवला. उम्. झाडाखाली कोल्हा आला. उम्. मी बाजूला बसून डबा आवरायचे आणि खरं सांगते, माझ्या पोटात दुखायचं. माझ्या साळिंदराच्या काट्याला कधी कोणी उम् म्हटलं नव्हतं.

पोरांची सगळ्यात लाडकी गोष्ट मुंगसाची. एका गरीब बाईनं मुंगूस पोरासारखं वाढवलं होतं. तान्ह्या बाळाला त्याच्या भरवशावर ठेवून ती पाण्याला गेली. इकडे साप आला. मुंगसानं सापाचे तुकडे केले आणि कौतुक करून घ्यायला दारात जाऊन उभं राहिलं. बाई आली, बघते तर मुंगसाचं तोंड रक्तानं माखलेलं. मेल्यानं माझं बाळ खाल्लं, म्हणून तिनं डोक्यावरची भरलेली घागर त्याच्यावर टाकली. आत गेली तर बाळ पाळण्यात हसत होतं. इथे मामी नेहमी थांबायच्या, बोट वर करायच्या आणि म्हणायच्या, "म्हणून पहिला आत जाऊन बघायचं. घागर नंतर."

माझी नात तेव्हा पाच वर्षांची होती. तिचे आईबाप ऑफिसला जायचे आणि ती दिवसभर माझ्याकडे असायची. तिला न्हाऊमाखू मी घालायचे, तिची शी-शू मी काढली. एकदा दुपारी तिला जेवताना धामण उंदीर कसा गिळते ते सांगत होते. ती म्हणाली, "आज्जी, तुझी गोष्ट नको. तुझे प्राणी नुसते खातात. पाटीचे प्राणी बोलतात." आणि वर घास गिळून म्हणते कशी, "पाटीच माझी खरी आज्जी आहे."

पोर ते! पोरं काय वाट्टेल ते बोलतात. पण माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी तिचं ताट उचलून आत नेलं.

त्याच आठवड्यात मीटरच्या खोलीत मांजरीनं तीन पिल्लं घातली होती. पोरं रोज दूध ठेवायची, त्यांना नावं द्यायची. एका सकाळी मी फिरून येत होते, तर मीटरच्या खोलीच्या दाराशी मुंगूस. तोंड लाल. माझ्याकडे एकदा बघून पाण्याच्या टाकीमागे पळालं. मी दार ढकललं. दोन पिल्लं नव्हतीच. तिसऱ्याचं पुढचं अर्धंच होतं.

शहाण्या बाईनं काय केलं असतं? वॉचमनला सांगून जागा धुऊन घेतली असती. मी तसं केलं नाही. शनिवार होता, पोरांना सुट्टी. मी सगळ्यांना बोलावून आणलं, रांगेत उभं केलं आणि दार उघडलं. "बघा," मी म्हटलं. "हे तुमच्या पाटीचं मुंगूस. ते बाळं सांभाळत नाही, बाळं खातं." दोघं तिथेच ओकली. माझी नात रडली नाही. ती नुसती बघत राहिली आणि तिनं माझं बोट घट्ट धरलं. माझं! मला, लाज वाटते सांगायला, आनंद झाला.

मग मी त्यांना एक खेळ शिकवला. आपण शास्त्रज्ञ. गोष्टीत प्राणी जे खरोखर करत नाही ते आलं, की उम् म्हणायचं नाही. 'खोटं!' म्हणून ओरडायचं. सगळ्यात आधी ओरडेल त्याला माझ्याकडून मोराचं पीस.

त्या दुपारी मामींनी सुरुवात केली, "ओरु ऊरिले..." उम्. "एक कोल्हा होता. तो कावळ्याला बोलला..." "खोटं!" कट्टा दणाणला. मामी दचकल्या आणि मग हसल्या. पोरांना चेव आला. कोल्हा हसला, खोटं. कावळा लाजला, खोटं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मामी हसल्या नाहीत. एकेका वाक्यानंतर थांबून उम्‌ची वाट बघायच्या, पोरांची तोंडं न्याहाळायच्या, आणि तिकडून यायचं ते खोटं! आठ दिवसांत एकही गोष्ट शेवटाला गेली नाही. मोराची पिसं मात्र सगळी संपली.

दरम्यान मी वॉचमनच्या केबिनमध्ये गेले. मुंगसाची क्लिप मोबाइलवर घेऊन पोरांना दाखवावी, म्हणजे पुरावाच झाला. वॉचमननं त्या दिवसाचं फुटेज मागे नेलं. पहाटे मीटरच्या खोलीत एक दांडगा बोका शिरला आणि तोंडात पिल्लू घेऊन बाहेर आला. परत गेला, परत तसाच आला. तिसऱ्यांदा आत बराच वेळ होता. मुंगूस गेलं ते उजाडल्यावर, आणि बाहेर आलं तेव्हा त्याच्या तोंडात घूस होती. ती त्यानं कोपऱ्यात टाकलेली पण दिसली. मग त्यानं मान वर केली, आणि समोरून मी येतेय.

बोके पिल्लं मारतात हे मी तेहतीस वर्षं शिकवलं होतं.

"मॅडम, क्लिप पाठवू का?" वॉचमननं विचारलं. "राहू दे," मी म्हटलं. पंधरा दिवसांनी ते फुटेज आपोआप पुसलं जातं. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी मी माझी समजूत घातली.

दोनच दिवसांनी मामी माझ्या दारात आल्या. आत या म्हटलं तरी येईनात. "टीचर," त्या म्हणाल्या, "मला काय कोल्हा माहीत नाही? ऐंशी वर्षं झाली. कोल्हा बोलत नाही, मला पण माहीत. मुलांना बोला, गोष्टीच्या टायमाला उम् बोला. गोष्ट संपली की मग पायजे तेवढं 'खोटं' बोला."

मी हाताची घडी घालून उभी. "मामी, मी मुलांना कसं सांगू, खोट्याला हो म्हणा म्हणून?"

त्यांनी एक चप्पल काढली, परत घातली. मग हळू म्हणाल्या, "मुलगा घर विकतो बोलतो. मला कोइमतूरला ठेवणार, म्हाताऱ्या लोकांचं एक आहे तिकडे. मी त्याला बोलते, मी नाही येणार, इकडे रोज चार वाजता मुलं येतात. तो बोलला, मुलं येतात तोपर्यंत राहा. म्हणून सांगते टीचर. एवढं करा."

एवढं करा! काय मागत होती बाई? दोन अक्षरं. मी म्हटलं, "बघते." आणि बघितलं नाही. पोरांना खेळाचाही कंटाळा आला, एकेक गळत गेलं, कोणी मोबाइलला चिकटलं, कोणी स्केटिंगला गेलं; माझा अर्धा तासही बंद पडला. मामी चारला दार उघडायच्या, डबा मांडीवर घेऊन कट्ट्यावर बसायच्या आणि सहाला आत जायच्या. मी वरच्या खिडकीतून रोज बघायचे. तीन मजले उतरून शेजारी बसायला मला काय धाड भरली होती? पण नाही उतरले.

महिन्याभरानं मामींच्या मुलाचा फोन आला. मुलुंडमध्येच वाढलेला, माझाच विद्यार्थी. "मॅडम, एक खरं सांगा ना. तुम्ही कधी खोटं बोलत नाही म्हणून तुम्हालाच विचारतोय. अम्मा म्हणते रोज आठ पोरं येतात तिच्याकडे. खरंच येतात का हो?"

मी खिडकीतच उभी होते. खाली मामी कट्ट्यावर होत्या. डब्याचं झाकण उघडून आत बघत होत्या, परत लावत होत्या. 'येतात रे' म्हणायचं आणि धावत जाऊन चार पोरांना कान धरून खाली न्यायचं, सगळं माझ्या हातात होतं. नातीला नुसता डोळा केला असता तरी ती गेली असती.

"नाही रे," मी म्हटलं. "आता कोणीच येत नाही."

"थँक्यू मॅडम," तो म्हणाला. "तुमच्याशिवाय कोणी सांगितलं नसतं."

पंधरा दिवसांत सामान बांधून झालं. मुलगा टेम्पोबरोबर पुढे गेला. मामींसाठी टॅक्सी आली तेव्हा सोसायटीतली चार माणसं खाली उतरली, मीही उतरले, नातीचा हात धरून. मामी मागच्या सीटवर बसल्या होत्या, मांडीवर तोच स्टीलचा डबा. नात खिडकीशी गेली. "पाटी, एक गोष्ट सांग ना."

मामींचा चेहरा एकदम फुलला. "ओरु ऊरिले," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. नात गप्प. मामींनी तरी पुढे सांगितलं, "एक मुंगूस होता. तो बाळाला सांभाळत होता." आणि परत थांबल्या.

नातीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. बोका मला माहीत होता, घूस माहीत होती, आता कुठे क्लिपही उरली नव्हती. उम् म्हण गं, एवढंच सांगायचं होतं. मी तोंड उघडलं नाही.

"खोटं!" नात जोरात ओरडली आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघून हसली. आणि माझी मान हलली. वर्गात बरोबर उत्तर आलं की हलायची तशी, आपोआप.

मामींनी ते बघितलं. डबा नातीच्या हातात दिला. माझ्याकडे बघून "उम्" म्हणाल्या आणि काच वर केली.