बदकांना हिरवी झेंडी दाखवणारे केबिनवाले काका

प्रति, मा. जिल्हाधिकारी महोदय.
विषय: हथखोज गावामागील तळे व कै. केबिनवाले काका.
दिनांक: काकांच्या तेरवीनंतरचा सोमवार.
साक्षीदार: चहावाली सुमनबाई, टिप्परचालक रामखिलावन, आणि अर्जदार स्वतः, अर्जनवीस, भिलाई, शिक्षण नववी, अनुभव दांडगा.

महोदय, काका रेल्वेच्या सिग्नल केबिनमधून निवृत्त झालेले. तरीही हिवाळाभर ते रेल्वेचा गणवेश घालून तळ्याच्या बांधावर उभे राहत आणि उत्तरेकडून येणाऱ्या बदकांना हिरवी झेंडी दाखवत. थवा पाण्यावर उतरला की समाधानाने म्हणत, "आली. राइट टाइम."

पाखरे परदेशची, तळे आपले, म्हणून देखभाल दोन्ही देशांची, असा त्यांचा सिद्धान्त होता. "गाडी दोन डिव्हिजनमधून चालते, तं चार्ज एकानंच काहून घ्यावा? उन्हाळ्यात त्यायची, हिवाळ्यात आपली. लिहा बाबू!" त्यानुसार मी उत्तरेकडील एका देशाच्या वकिलातीस संयुक्त देखभालीचा अर्ज सविनय पाठवला. उत्तरादाखल बर्फाच्या चित्रांचे कॅलेंडर आले. मी खिन्न झालो. काकांनी मात्र ते बांधावरच्या बाभळीला टांगले.

"पाहून राहिले ना? तिकडून लाइन क्लिअर आली!"

सुमनबाई म्हणाल्या, "काका, क्यालेंडर तं किराणावालाबी देते."

"त्याच्या क्यालेंडरवर बर्फ राहते का?"

गेल्या हिवाळ्यात एका ठेकेदाराने प्लॉट पाडण्यासाठी तळ्यात मलबा टाकणे आरंभले. काका लाल झेंडी धरून रस्त्यात उभे राहिले. टिप्परांची रांग लागली. रामखिलावन उतरून म्हणाला, "साहब, इधर पटरी कहाँ है?"

काकांनी आकाशाकडे बोट केले. "वो रही. गाड़ी आ रही है."

रामखिलावनने मान वर करून वाट पाहिली. मागच्यांनीही पाहिली. थवा उतरेपर्यंत सर्व इंजिने बंद होती. मग रोज हेच घडू लागले, आणि ठेकेदाराने कंटाळून काम सोडले.

काका गेल्याचे कळताच टिप्पर परत आले. मी लाल गमछा घेऊन रस्त्यात आडवा उभा राहिलो. रामखिलावन हळहळला. "बाबू, आपके पास वर्दी नहीं है। बिना वर्दी के कैसे रुकूँ?" आणि त्याने मलबा ओतला.

सबब विनंती की, ठेकेदारास तात्काळ मनाई व्हावी. ते शक्य नसल्यास, पाखरांच्या मूळ देशाशी विचारविनिमय करून अर्जदारास एक गणवेश मंजूर व्हावा. पाखरे तिकडून निघाली असावीत. उत्तर ती पोहोचण्यापूर्वी मिळावे.