इन्साफबाईंचा ईमॅक्स

इन्साफबाईंना कुणी विचारलं, "बाई, लग्न का नाही केलंत?" तर म्हणायच्या, "ईमॅक्स आहे की!" प्रोग्राम लिहायच्या एडिटरवर माणसाचा इतका जीव? पण आमच्या अलेक्झांड्रियाच्या ऑफिसात हे रोजचंच. आम्ही औषधांच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर करतो. बाईंच्या समोरच्या टेबलावर लुत्फीसाहेब, व्हिम नावाच्या दुसऱ्या एडिटरचे कट्टर भक्त. मधे मी, शाहिनाज, दोघांच्या कैचीत.

"बाई, ईमॅक्समध्ये दर वेळी ते कंट्रोलचं बटण दाबून दाबून करंगळी वाकडी झाली तुमची. हाडवैद्य गाठा!"

"आणि तुमच्या व्हिममध्ये शिरलेला माणूस बाहेर पडायची वाट शोधत म्हातारा होतो, त्याचं काय?"

पोरंसोरं तिसराच एडिटर वापरायची. त्यांच्याबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं: वाया गेलेली पिढी.

रमजानात पंचाईत व्हायची. रोजा असताना भांडू नये, कुणी डिवचलं तर "माझा रोजा आहे" म्हणून गप्प बसावं. दोघं दिवसभर दातओठ खात तेवढंच म्हणायचे, आणि सूर्यास्ताला मगरिबची बांग झाली की खजूर तोंडात असतानाच पट्टा सुरू!

या रमजानात लुत्फीसाहेबांना कुवेतची नोकरी आली. ईद झाली की जायचं. बाई म्हणाल्या, "जा बाबा, पीडा टळली!" आणि त्या दिवसापासून भांडणच सोडलं. बांग झाली तरी मसुराचं सूप पीत गप्प. मला तर धडकीच भरली. "बाई, बरं नाही का?" म्हटलं, तर वसकन अंगावर आल्या. मला कळत होतं हो सगळं. जीव तुटत होता बाईंचा, पण बोलणार कुठल्या तोंडाने?

लुत्फीसाहेबांसाठी ऑफिसात इफ्तार ठेवली होती. त्या दुपारी बाईंनी ग्रुपवर मेसेज टाकला, "लुत्फीसाहेब, सुखाने जा. तुमच्यावाचून इथे कुणाचं काही अडणार नाही." आणि शेवटी: कोलन, डब्ल्यू, क्यू.

अगं बाई! व्हिममध्ये काम जतन करून बाहेर पडताना हेच टाइप करतात. एकदा हाताला वळण पडलं की माणूस नको तिथेही तेच टाइप करून बसतो. पण ते वळण पडायला महिनोन्महिने व्हिम वापरावा लागतो. सगळ्या माना बाईंकडे वळल्या. बाई लालबुंद.

लुत्फीसाहेब उठून आले. "इन्साफबाई, हे काय?"

"माझा रोजा आहे!"

झालं. सूर्य बुडेपर्यंत कुणी काम केलं नाही. बांग झाली तशी लुत्फीसाहेबांनी खजुराची ताटली त्यांच्यापुढे सरकवली. "हं, सोडा रोजा. आणि बोला आता."

"काय बोलू? चोरून शिकले! एवढा जीव टाकता त्याच्यावर, म्हटलं बघावं तरी काय आहे. भिकार आहे! भिकार एडिटर आहे तुमचा!" आणि बाई ढसाढसा रडायला लागल्या.

लुत्फीसाहेबांचा चेहराच उतरला. "अहो, मग आधी बोलायचं होतंत."

"कधी बोलणार? भांडणातून सवड दिलीत कधी?"

"पण मी कुवेतला होकार कळवलाय."

"मग नकार कळवा! केलेलं रद्द करायचं बटण आहे ना तुमच्या व्हिममध्ये? का तेही नाही?"

लुत्फीसाहेबांनी हात पुसले, फोन उचलला आणि बाल्कनीकडे निघाले. दारात थांबून म्हणाले, "आहे की. आणि तुमच्यासारखी दोन-दोन बटणं नाही दाबावी लागत. एकात काम होतं."