नॉइजमधून केलेला समुद्र

सिंथेसायझर घेतला तेव्हा घरी वाटलं, आता गाणी ऐकायला मिळणार. मी मात्र गाण्याकडे वळलेच नाही, कारण मला त्यातला नॉइज ऑसिलेटर सापडला होता. ऑसिलेटर म्हणजे सिंथमधला आवाज तयार करणारा भाग. बाकीचे ऑसिलेटर सूर देतात. याच्यातून येते नुसती खरखर, सगळे उंच-खालचे सूर एकदम मिसळल्यासारखी. कोणतीही पट्टी दाबा, आवाज तोच.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "नळ बंद कर. पाणी वाया जातंय."

"आई, हा सिंथ आहे."

"मग तो बंद कर."

मी हेडफोन लावला. फिल्टरचं बटण डावीकडे वळवलं, तशी खरखरीतली धार निघून गेली आणि दूरची खोल घरघर उरली. आवाज चटकन विझेल असं ठेवलं, तर पट्टी दाबताच काडी ओढल्यासारखा चर्र आवाज आला. मग तो सावकाश चढेल आणि त्याहून सावकाश उतरेल असं केलं, आणि अंगावर काटा आला. पुण्यात, विश्रांतवाडीतल्या दुसऱ्या मजल्यावर लाट येऊन गेली होती. मी पुन्हा पट्टी दाबली. पुन्हा आली. त्या दिवशी जेवायला बसल्यावरही माझी बोटं ताटाच्या कडेवर बटण फिरवत होती.

तेव्हा माझी कॉलेजातली मैत्रीण आमच्या विहाराच्या हॉलमध्ये एक नाटक बसवत होती. ती शाळेत शिकवते, नाटकं हौसेने करते. नाटकात एकच पात्र होतं: होडीतून गेलेल्या मुलाची किनाऱ्यावर वाट पाहणारी आई. ते काम एक निवृत्त परिचारिका करत होत्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. रंगमंचावर त्या पहिल्यांदाच उभ्या राहणार होत्या. मैत्रिणीने समुद्राचा तयार आवाज आणला होता, पण मावशी रोज वेगळ्या वेगाने बोलायच्या आणि लाट नेमकी त्यांच्या वाक्यावर आपटायची.

"त्या समुद्राला सांगा, माझं होऊ दे आधी," मावशी वैतागून म्हणाल्या.

"समुद्र मी वाजवते," मी म्हणाले.

मी धावत घरी जाऊन सिंथ आणला. मावशी बोलायला लागल्या की मी फिल्टर बंद करत लाट दबवायचे, त्या थांबल्या की तो उघडून लाट चढवायचे. हळूहळू त्या लाटेसाठी थांबायला लागल्या. मैत्रिणीने संहिता बाजूला ठेवली आणि नुसती ऐकत बसली.

प्रयोग स्वारगेटजवळच्या एका छोट्या नाट्यगृहात होता. चादरीत गुंडाळलेला सिंथ मांडीवर घेऊन मी बसने गेले. अर्धं नाटक छान झालं आणि मावशी मध्येच थांबल्या. आधी मला वाटलं, लाटेसाठी थांबल्यात. मग त्यांचे डोळे दिसले. पुढचं वाक्य गेलं होतं.

माझा हात बटणावर होता. मी फिल्टर अगदी सावकाश उघडत नेला. लाट इतकी चढली, की पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पाय मागे घेतले. मग मी ती सोडून दिली. ती फुटली, फसफसत विरली. मावशी आवाजाच्या दिशेने वळल्या आणि म्हणाल्या, "ओरडू नकोस माझ्यावर. मी इथून हलणार नाही."

हे संहितेत नव्हतं. मी एक छोटी, लाजल्यासारखी लाट दिली. कुणीतरी हसलं, कुणीतरी नाक ओढलं आणि मावशींना पुढचं वाक्य आठवलं. शेवटपर्यंत त्या समुद्राशीच बोलत राहिल्या, आणि मी उत्तरं देत राहिले.

पडदा पडल्यावर मैत्रिणीने आम्हा दोघींना गच्च धरलं. "ते वाक्य आता कायमचं ठेवायचं," ती म्हणाली.

मावशी सिंथपाशी आल्या. "एवढाच आहे होय हा?" असं म्हणत त्यांनी बटण धरलं. मी पट्टी दाबली, त्यांनी फिल्टर उघडला. रिकाम्या खुर्च्यांवर लाट गेली. वॉचमन दिवे मालवायला उभा होता, पण मावशींनी हात वर करून त्याला थांबवलं आणि मला म्हणाल्या, "अजून एक."