प्लगच्या भोकावर अंगठा

मंडळी, दुपारी पडेगावात सलीमभाईंच्या गॅरेजवर गेले होते. लेकीसाठी घेतलेली जुनी एटीव्ही, म्हणजे लहान मुलांची ती चारचाकी बाईक, चालूच होत नव्हती. ठिणगी होती, पेट्रोलही येत होतं.

सलीमभाई कंप्रेशनचं मीटर आणायला आत गेले. तेवढ्यात मी प्लग काढला, भोकावर अंगठा दाबला आणि लेकीला सेल्फ मारायला सांगितलं. आतल्या हवेच्या दाबानं अंगठा उडायला हवा होता. नुसती फुंकर लागली.

"दम नाय हिच्यात," मी म्हणाले.

सलीमभाई बाहेर येत हसले. "ताई, दम? अब तो सब कंप्रेशन बोलते. किसने सिखाया?"

बाबांनी. आता ते नाहीत. चिकलठाण्याला कारखान्यात फिटर होते. विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांत संचारबंदी लागली की अंगणात स्कूटर खोलून बसायचे. मोर्चातल्या घोषणांनी आवाज बसलेला असायचा. माझा अंगठा भोकावर ठेवून घोगऱ्या आवाजात म्हणायचे, "दम हाय का बघ, माय."

सलीमभाईंनी मीटर लावलं. काटा जेमतेम हलला. भोकात थोडं ऑइल सोडल्यावर वर चढला. म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या.

"रिंग बदली की दम वापस येतो, ताई," ते म्हणाले.

अंगठ्यावरचा काळा डाग अजून धुतलेला नाही. तुमच्याकडं गेलेल्या माणसाचा कोणता शब्द असा अचानक तोंडात येतो?