बाद झालेली प्रश्नावली

मानवी मनाचा शोध हा माणसाने हाती घेतलेला सर्वांत खोल प्रवास आहे. आमच्या बाबतीत तो मी राहते त्या अमरावतीहून दर्यापूरला जाणाऱ्या जीपमध्ये सुरू झाला, आणि जीप भरेपर्यंत पाऊण तास जागचा हलला नाही.

पहिलं वाक्य माझं नाही. अकोल्याच्या एका मनोविकार विभागाने खेड्यातल्या लोकांची विचार करण्याची पद्धत, राहणी आणि मानसिक आरोग्य यांचा अभ्यास हाती घेतला होता, त्याच्या उद्घाटनाच्या फलकावर ते छापलेलं होतं. उद्घाटन साडेदहाचं होतं. पाहुणे एक वाजता आले. तोवर सभागृहातलं पाणी संपलं होतं. मग प्रकल्पाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत, ताण टाळण्यासाठी वेळेचं नियोजन कसं करावं यावर तासभर बोलले.

मी तिथे भाषेच्या कामासाठी होते. तीस वर्षं मी कोर्टात अनुवादक म्हणून काढली. साक्षीदार वऱ्हाडीत बोलायचा, मी ते इंग्रजीत उतरवायची, आणि वाचल्यावर तो साक्षीदार एकदम विलायतेहून शिकून आल्यासारखा वाटायचा. निवृत्तीनंतर हे उलट दिशेचं काम आलं. प्रश्नावली पुण्याहून तयार होऊन आली होती. ‘पूर्वी आनंददायी वाटणाऱ्या बाबींमधील आपली रुची गेल्या दोन आठवड्यांत कमी झाली आहे का?’ असा एक प्रश्न, आणि पुढे चार चौकटी: कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, जवळजवळ रोज. मी तो असा केला: ‘पयले ज्यात मन लागे, त्यात आता लागत नाही, असं होते का?’ सर म्हणाले, याने प्रश्नाची उंची कमी होते. मी म्हटलं, उत्तर देणारा खाटेवर बसलेला असणार, प्रश्न तेवढाच उंच असलेला बरा.

आता एक कबुली. अभ्यासाची गावं चिठ्ठ्या टाकून ठरवायची होती. चिठ्ठ्या मी लिहिल्या आणि मीच उचलल्या. दर्यापूर तालुक्यातलं माझं माहेरचं गाव निघालं. संशोधनाच्या भाषेत याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. कोर्टाच्या भाषेतही ठाऊक आहे.

कारण असं की, महिन्याभरापूर्वी वहिनीचा फोन आला होता. दादा, माझा मोठा भाऊ, एसटीत कंडक्टर होता. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. पहिले काही महिने तो चौकातल्या कट्ट्यावर बसायचा, मग ओसरीत बसायला लागला, मग आतल्या खोलीत. विहारातल्या वंदनेला जाणं सुटलं. जेवण अर्धं राहायचं. वहिनीने दवाखान्याचं नाव काढलं तेव्हा त्याने विचारलं होतं, मी काय येडा झालो काय, आणि विषय तिथेच संपला होता. पण फोन त्यासाठी नव्हता.

“बाई,” वहिनी म्हणाली, “दोन दिवसांपासून मले कागदं समजावून सांगून राह्यले. पेन्शनचं पुस्तक कुठं हाय, घराचा उतारा कुठं हाय. मी म्हटलं, तुमी असताना मले कायले पायजे? तं काहीच बोलले नाही.”

मी कोर्टात अनेक प्रकारच्या शांतता ऐकल्या आहेत. ही मला ओळखता आली.

प्रकल्पात एक नियम चांगला होता. प्रश्नावलीतले गुण ठरावीक आकड्याच्या वर गेले, की त्या माणसाला प्रकल्पाची गाडी अकोल्याला ओपीडीत नेऊन परत आणून सोडणार. कोणी येडा ठरायचं कारण नाही, फक्त बेरीज जास्त आलेली. मला दादाची बेरीज हवी होती.

गावात काम सुरू झालं आणि संशोधनाचा पहिला नियम पहिल्याच अंगणात मोडला. उत्तर देणारा एकटा असावा, असं सूचनापत्रकात ठळक अक्षरांत होतं. आमच्या गावात दार लावून दोन माणसं बोलायला लागली तर गल्लीला वाटतं, वाटणी होतेय किंवा सोयरिक. त्यामुळे गल्ली येते. ‘तुम्हाला एकटं वाटतं का?’ हा प्रश्न मी एका म्हातारीला विचारला, तेव्हा अकरा जणांनी मिळून उत्तर दिलं, नाही. म्हातारीचं तोंडही उघडलं नव्हतं. मी ‘कधीच नाही’वर खूण केली.

दुसरी गोष्ट ध्यानात यायला जरा वेळ लागला. स्वतःबद्दल विचारलं की सगळे मजेत. झोप मस्त, भूक मस्त, डोक्यात काही नाही. पण फॉर्म मिटून पेनाला टोपण लावलं, की खरं बोलणं सुरू व्हायचं, आणि ते नेहमी ‘एखाद्या’चं असायचं. एखाद्याले रातभर झोप लागत नाही. एखादीले सैपाक करताकरता रडू येते, काही कारण नसते. हा एखादा आमच्या वऱ्हाडात फार जुना रहिवासी आहे. त्याला सगळी दुखणी होतात, म्हणून बाकीच्यांना काही होत नाही.

दादाकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्याने वीस प्रश्नांची उत्तरं तिकिटं फाडल्यासारखी दिली. कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही. मी पान उलटायच्या आत पुढचं तयार. बेरीज शून्य आली. उभ्या तालुक्यात इतका निरोगी माणूस मला भेटला नव्हता. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता, आणि पायजम्याची नाडी बोटाला गुंडाळून सोडत होता, परत गुंडाळत होता.

आठवड्याने परत गेले. त्याने विचारलं, पास तपासायला आली काय? बेरीज दोन. ते दोन गुण गुडघेदुखीचे होते.

विभागात एक तरुण डॉक्टरीण होती, शिकाऊ, सतत डबा अर्धवट खाऊन उठणारी. तिला मी सगळं सांगितलं, चिठ्ठ्यांसकट. तिने चिठ्ठ्यांबद्दल काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली की गुण गेले खड्ड्यात, तुम्ही त्यांना थेट विचारा, मरावंसं वाटतं का म्हणून. विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट असलेला बाहेर येतो. आणि तोवर वहिनींना सांगा, दादांना एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घरातून हलवा. वहिनीने त्याच दिवशी औषधं शेजाऱ्याकडे नेऊन ठेवली.

तिसऱ्यांदा गेले ती ठरवूनच. फॉर्म काढला, पहिल्या पानावर नावाच्या जागी रेघ ओढली आणि म्हटलं, “दादा, हा तुह्या नावाचा नाही. समज, एखादा कंडक्टर हाय. रिटायर झाला. त्याचं सांग.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे मलाही कळलं होतं. मी पेनाचं टोपण काढलं. बाहेर गल्ली जमायला लागली होती. वहिनीने तिला, आज संशोधन बंद हाय, म्हणून परत पाठवलं.

“त्याले चारले जाग येते,” दादा म्हणाला. “ड्यूटी नाही, तरी येते.”

मी खूण केली: जवळजवळ रोज.

“मंग तो बसून राह्यते. समोरच्या रोडनं गाडी गेली का आतली माणसं मोजते. पासष्ट, सत्तर. मोजून झाल्यावर त्याले वाटते, आपल्यावाचून बी गाडी चालूनच राह्यली.”

मी पुढचे तीन प्रश्न विचारलेच नाहीत. तो आपण होऊन सांगत होता. त्या माणसाला चवीचं कळत नाही. त्या माणसाला वाटतं, घरात बायकोला आपला अडथळा होतो. नोकरीच्या चौतीस वर्षांत कोणाला दोन शब्द वाकडे बोलला असेल, ते सगळे त्याला आठवतात, आणि चांगला बोलला असेल ते एकही आठवत नाही. पुण्याहून आलेल्या प्रश्नावलीत याला ‘विचारांची नकारात्मक गाळणी’ म्हटलं होतं. मी ते शब्द कापले होते, पण गाळणी होती.

मग मी थेट विचारलं. त्या माणसाले मरावं वाटते का?

त्याने बोटाची नाडी सोडवली. “त्याले वाटते, आपला स्टॉप आला,” तो म्हणाला. “आता उतरून जावं. कोणाले बेल मारायले न लावता.”

वहिनी दारात चहा घेऊन उभी होती. ती आत आली, कप खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी बसली. आमच्या घरात बायको नवऱ्याच्या शेजारी दुसऱ्यांसमोर बसत नाही. त्या दिवशी बसली. म्हणाली, “त्या माणसाले सांगा, त्याच्या बायकोले कागदं समजत नाहीत. अन् समजून घ्यायची बी नाहीत.”

अकोल्याला जायचं मात्र त्याने साफ नाकारलं. तो माणूस पॅसेंजर म्हणून गाडीत बसत नाही, हे कारण. मी त्यावर वाद घातला नाही. कोर्टात शिकलेली एक गोष्ट म्हणजे, साक्षीदार भिंतीसारखा उभा राहिला की भिंत पाडायची नाही, बाजूने जायचं. मी म्हटलं, परवा प्रकल्पाची गाडी तीन गावांतून माणसं घेऊन जाणार आहे. माणसं बसवायला, मोजायला, परत येताना कोणी राहिलं का पाहायला कोणी नाही. मागच्या खेपेला एका आजोबांना ओपीडीतच विसरून आलो होतो. ही गोष्ट दुर्दैवाने खरी होती.

“विसरले?” दादा म्हणाला. दीड वर्षात त्याच्या आवाजात मी पहिल्यांदा राग ऐकला. “मोजत नाही काय तुमी?”

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो दाढी करून फाट्यावर उभा होता. सोबत वहिनी होती. गाडी सातची होती.

ओपीडीत त्याने सगळ्यांना रांगेत बसवलं, सगळ्यांचे नंबर झाल्यावर शेवटी स्वतः आत गेला आणि डॉक्टरणीला म्हणाला, एका माणसाचं विचारायचं होतं. तिने खुर्ची पुढे ओढली. चाळीस मिनिटं त्या माणसाचं बोलणं झालं. गोळ्या त्या माणसाला लिहून दिल्या, चिठ्ठीवर नाव दादाचं. रोज अर्धा तास त्या माणसाने चालायचं, दुपारी झोपायचं नाही, आणि मनात वाईट विचार आला की कागदावर तो लिहायचा. शेजारी त्याच्या बाजूचा पुरावा, पलीकडे विरुद्धचा. दादाने मला विचारलं, तुह्या कोर्टावानी? मी म्हटलं, तसंच, फक्त तारखा पडत नाहीत.

घरी वेबिलचे जुने कोरे कागद पडून होते, ज्यावर कंडक्टर प्रत्येक फेरीची नोंद करतो. रकाने आयते होते. तो त्यावर लिहायला लागला. लगेच काही बरं झालं नाही. पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता, एकदा गोळ्या टाकूनही दिल्या, वहिनीने उकिरड्यातून शोधून आणल्या. मी दर रविवारी गेले. चौथ्या महिन्यात त्याने एसटीत तिकीट काढून प्रवास केला, आणि कंडक्टर तिकिटं देत मागून पुढे नीट येत नाही, अशी दर्यापूर येईपर्यंत तक्रार केली. वहिनीने फोन करून मला हे आनंदाची बातमी म्हणून सांगितलं.

यथावकाश अहवाल तयार झाला. समारोपाला शाली होत्या, नारळ होते, दीपप्रज्वलन होतं. सर मनाच्या खोलीबद्दल बोलले. दादाची तिसरी प्रश्नावली, नावाच्या जागी रेघ का ते मी सांगितल्यावर, त्यांनी स्वतः बाद केली होती, शेरा असा: ‘उत्तरे स्वतःविषयी नाहीत.’ नियमाने ते बरोबरच होतं; ऐकीव पुरावा कोर्टातही चालत नाही. दुसरीतले दोन गुण गुडघ्याचे म्हणून तीही सुटली, आणि पहिली धरली गेली, शून्य गुणांची. अहवालात आमच्या गावापुढे लिहिलं आहे की, येथील निवृत्त पुरुषांमध्ये उदासीनतेची कोणतीही लक्षणं आढळली नाहीत.

अहवालाची प्रत मला दादानेच आणून दिली. गोळ्या घ्यायला त्याला अकोल्याला जायचंच होतं.