दाढीवाली गंगा

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या लायब्ररीत सगळ्यांसाठी मांडलेल्या जिगसॉच्या कोड्यापाशी त्या काकू रोज दिसायच्या. मुलीकडे राहायला आलेल्या, साडीवर स्नीकर्स घालणाऱ्या. मी चुकीचा तुकडा बसवला की काही न बोलता काढून ठेवायच्या. चित्र रोममधल्या चार नद्यांच्या कारंज्याचं होतं. नद्या म्हणजे चार दांडगे पुरुष.

“ही आपली गंगा. दाढीवाली,” वल्हं धरलेल्या पुतळ्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. “आणि हा अमेरिकेतल्या नदीचा पुतळा. म्हणे समोरचं चर्च अंगावर पडेल म्हणून हात वर करून बसलाय. पण रोमला आमचा गाइड सांगत होता, कारंजं झालं तेव्हा ते चर्च नव्हतंच.”

मला हसता आलं नाही. नागपूरला आई आयसीयूत होती. गेलो आणि तिथल्या वकिलातीत व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं तर परत येता येणार नाही, या धास्तीनं मी भावाला ‘तिकीट मिळत नाही’ असं सांगत होतो. बायकोलाही हे खोटं माहीत नव्हतं. काकूंना मात्र सांगून टाकलं.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “व्हिसा नाकारलाय का?”

“नाही. अजून काहीच झालं नाहीये.”

त्या पुढचा तुकडा शोधायला लागल्या.

पार्किंगमधून मी भावाला फोन लावला. “तिकीट मिळतंय रे. मीच घाबरलोय.”

तो म्हणाला, “आई रोज विचारते. आज काय सांगू?”