भोंग्यावरची मयत

मारेगावात कोणी वारलं की तो भोंग्याच्या ऑटोतून सांगत फिरे. त्याचं नाव मला कधी कळलं नाही. मयत कोणाचीही असो, माइक धरण्याआधी तो तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकून चूळ भरी.

युद्धाच्या दिवसांत चौकातल्या मंडळींनी त्याला टीव्हीवरची बातमी लिहून दिली : ‘शत्रूच्या गावाचा सफाया. जल्लोषाला या.’

त्यानं कागद परत केला. "सफाया कचऱ्याचा होते, भाऊ. म्हाया भोंग्यावर मानसं मरतेत."

"टीव्हीवाले सांगून राह्यले, तसंच बोल."

त्यानं चूळ भरली. "कळविण्यास अत्यंत दुःख होते की, सीमेपलीकडच्या गावातली माणसं मरण पावली आहेत."

मंडळी ऑटोवर धावली. त्यानं तेच पुन्हा सांगितलं, सावकाश.

तोवर दारोदारी बायका सवयीनं डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या होत्या.